बिननावाचा ग्रह

गेल्या महिन्यातली गोष्ट. शुक्रवारची रात्र, बाहेर श्रावणातली येऊ-की-नको करणारी सर, घरातले सगळे झोपलेले. मी हेडफोन लावून ‘नो मॅन्स स्काय’ खेळत बसलो होतो. एका ग्रहावर उतरलो. आभाळ पिकल्या पेरूच्या गरासारखं गुलाबी, गवत जांभळट, आणि क्षितिजाजवळ दगडांच्या कमानी. उतरल्या उतरल्या विषारी पाऊस सुरू झाला. अंगावरच्या सूटमधला तो यांत्रिक आवाज संरक्षण घटत असल्याचं सांगू लागला. मी दोन प्राणी स्कॅन केले, तिसरा डोंगराआड पळाला, त्याच्यामागे काही गेलो नाही. यानात येऊन बसलो आणि उडालो. पुढच्या ताऱ्याकडे उडी मारली, कॉम्प्युटर बंद केला, पाणी प्यायलो आणि आडवा झालो. झोप येईना. गॅसचं बटण बंद केलं का, स्कूटरची किल्ली लावूनच आलो का, अशी काहीतरी राहून गेल्याची टोचणी. बऱ्याच वेळाने कळलं. त्या ग्रहाला मी नाव दिलं नव्हतं.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की इथे एखाद्या ग्रहावर पहिल्यांदा पोचणाऱ्याला त्याचं बारसं करता येतं. संगणकाने दिलेलं एक निरर्थक नाव आधीच असतं, ते पुसून आपण आपलं लिहायचं आणि अपलोड करायचं. मग जगातलं दुसरं कुणी कधी तिथे पोचलंच, तर त्याला आपलं नाव दिसणार. माझ्या पहिल्या ग्रहाचं नाव ठरवायला मला वीस मिनिटं लागली होती. नाव ठेवलं ‘चिंचेचा डाग’. रोमन अक्षरांत, कारण दुसरा इलाज नव्हता. त्यानंतर ‘खळ्यामागचं’, ‘माळ’, ‘उताराची पट्टी’. शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन शोधांची यादी उघडली. शेवटच्या अडतीस ग्रहांना नाव नव्हतं. त्यांतले बरेचसे तर मी अपलोडही केले नव्हते. दोनशे तासांहून जास्त खेळ झाला होता, आणि नक्की कुठल्या रात्री मी नावं ठेवणं सोडलं, ते काही आठवेना.

अडतीस हा आकडा मोठा नाही, हे मान्य. या गेममधल्या ग्रहांची संख्या २ चा ६४वा घात, म्हणजे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६ आहे. लहानपणी बुद्धिबळाच्या पटावरच्या धान्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, आणि शेवटी राजाचं दिवाळं. चौसष्ट घरांची ती बेरीज या आकड्यापेक्षा बरोबर एकाने कमी भरते. राजाला जे देणं जमलं नाही, त्याहून एक दाणा जास्त इंग्लंडातल्या गिल्डफर्डमधल्या ‘हेलो गेम्स’ नावाच्या मूठभर माणसांच्या कंपनीने २०१६ साली आपल्याला देऊ केला. सेकंदाला एक ग्रह बघितला तरी सगळे बघायला साधारण ५८,५०० कोटी वर्षं लागतील. आपल्या विश्वाचं वय १,३८० कोटी. हा हिशेब मी त्या ऑगस्टमध्ये ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना ऐकवला होता. एकाने शांतपणे विचारलं, “पण सेकंदाला एक बघून बघणार काय?”

तेव्हा हसलो होतो.

आमच्या घरी साधारण १९९४ मध्ये टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला. त्याच्यासोबत आतेभावाने मुंबईहून एक पिवळी कॅसेट आणली, तिच्यावर छापलं होतं ‘९९९९९९९ इन १’. एक कमी एक कोटी गेम! मी आणि धाकटी बहीण ते सगळे मोजायला बसलो. फुंकर मारून कॅसेट बसवली, यादी सुरू झाली. पहिला काँट्रा, दुसरा मारियो, तिसरा बदकं मारायचा, चौथा तो कुऱ्हाड फेकणाऱ्या मुलाचा. सातव्या की आठव्या नंबरला पुन्हा काँट्रा, फक्त तिसऱ्या टप्प्यापासून. पुढे पुन्हा मारियो, या वेळी रात्र आणि भिंती निळ्या. यादी संपतच नव्हती आणि गेम मात्र होते सहा. बहीण रडकुंडीला आली. मला वाईट वाटलं नाही, उलट एक विचित्र आनंद झाला. यादीत इतक्या खोल गेल्यावर, समजा चाळीस हजाराव्या नंबरला, एखादा वेगळा गेम चुकून राहिला असेल तर? उन्हाळ्याची अर्धी सुट्टी मी अंगठ्याने यादी सरकवण्यात घालवली. खेळलो कमी, सरकवली जास्त.

‘नो मॅन्स स्काय’ ही माझी तीच कॅसेट आहे, असं म्हटलं तर त्या मंडळींवर अन्याय होईल. २०१६ मध्ये हा गेम आला तेव्हा आश्वासनं आणि वस्तुस्थिती यांतलं अंतर मोठं होतं. बाजारात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर एकाच जागी जाऊन उभे राहिले आणि त्यांना एकमेक दिसलेच नाहीत. एवढ्या अफाट विश्वात दोन माणसं भेटली आणि न भेटताच राहिली, ही गोष्ट मला त्या गेममधल्या कुठल्याही कथानकापेक्षा जास्त लक्षात आहे. लोक भडकले, पैसे परत मागितले. निर्माते काही महिने अवाक्षर बोलले नाहीत, आणि मग दर वर्षी, एक पैसा न घेता, भर घालत राहिले. घरं बांधता येऊ लागली, माणसं एकमेकांना दिसू लागली, समुद्र खोल झाले. आजचा गेम तेव्हाच्या गेमचा सख्खा भाऊसुद्धा वाटत नाही. तरी कंटाळा येतो. तो कुठून येतो, हा माझा प्रश्न.

मला वाटतं, एक शिवण दिसायला लागते. पहिले दहा-पंधरा ग्रह डोळे भिरभिरतात. मग एका संध्याकाळी समोरचा प्राणी बघताना तुम्हाला कळतं, की ही मुंडी परवाच्या त्या गव्यासारख्याची, पाय मागच्या ग्रहावरच्या कोंबडीचे, आणि पाठीवरचे काटे दोन्हीकडे पाहिलेले. आपल्याकडे चौऱ्याऐंशी लक्ष योनी सांगतात, पण त्या शिवलेल्या दिसत नाहीत. एकदा शिवण दिसली की दिसलीच, डोळा मग सदऱ्याकडे न बघता टाक्यांकडे बघतो. त्यात रोजची कामं आहेतच. सूटला सोडियम हवं, ते पिवळ्या फुलांत. श्वासाला ऑक्सिजन, तो लाल झाडांत. उडायला इंधन, त्यासाठी निळे स्फटिक फोडा. ग्रह कुठलाही असो, फूल पिवळं आणि स्फटिक निळाच. ही कामं कंटाळवाणी आहेत हे खरं, पण ती मला आवडतातही. ऑफिसातून डोकं भणाणून आल्यावर तासभर स्फटिक फोडणं म्हणजे आई तांदूळ निवडायला बसायची तसं. हात चालू, मन मोकळं. ताटातल्या तांदळाकडून कुणी आश्चर्याची अपेक्षा ठेवत नाही. मी मात्र वर अठरा आकड्यांहून लांब संख्या लिहिलेल्या ताटाकडून ती ठेवून बसलो होतो.

गंमत म्हणजे ही अडचण फार जुनी आहे. १९८४ साली डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी ‘एलीट’ हा अंतराळातला गेम लिहिला, तो बीबीसी मायक्रो या संगणकाच्या ३२ केबी मेमरीत मावायचा. आज मोबाइलवर येणारा ‘शुभ सकाळ’चा गुलाबही त्याहून मोठा असतो. एवढ्या जागेत ग्रह साठवणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी एका बीज-आकड्यातून ते दर वेळी नव्याने मोजून काढायची युक्ती वापरली. त्या युक्तीने २ चा ४८वा घात इतक्या आकाशगंगा निघाल्या असत्या. प्रकाशकांनी त्या नाकारल्या. इतक्या दिल्या तर सगळं गणिताने पाडलेलं आहे हे खेळणाऱ्याला कळेल, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मग ठेवल्या आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह. त्यातही एका आकाशगंगेत एका ग्रहाचं नाव इंग्रजी शिवी निघालं, तर ती अख्खी आकाशगंगा बाद करून दुसरी घेतली. हे मला फार आवडतं. कुणीतरी बसून नावं वाचली होती.

त्याच ब्रेबेनच्या कंपनीने पुढे २०१४ मध्ये ‘एलीट डेंजरस’ आणला. त्यात आपली आकाशगंगाच आहे, मूळ मापाची, सुमारे ४०,००० कोटी तारामंडळांची. मी तो दोन हिवाळे खेळलो. त्यातल्या शेकडो ताऱ्यांपैकी मला आज एकच नीट आठवतो, आणि तो दिसायला सगळ्यांत भिकार होता. इंधन ताऱ्याजवळून उडत जाऊन, त्याच्या कडेचा वायू ओढून भरायचं असतं, पण सगळे तारे चालत नाहीत. के, जी, बी, एफ, ओ, ए, एम, एवढ्याच वर्गांचे. खेळाडू ‘केजीबी फोम’ म्हणून पाठ करतात. मी पाठ केलं होतं आणि बघायचं विसरलो होतो. शेवटच्या उडीनंतर समोर आला तो एक तपकिरी बटू, म्हणजे धड न पेटलेला तारा, चुलीत राहिलेल्या निखाऱ्यासारखा जांभळट-लाल. त्याच्याजवळ घिरट्या घातल्या, टाकी ढिम्म. पुढची उडी मारण्याइतकं इंधन नाही. आजूबाजूला एक ग्रह, तोही बर्फाचा गोळा. इंजिनाची घरघर खाली आली आणि हेडफोनमध्ये नुसता यानाच्या पत्र्याचा कुरकुर आवाज. रात्रीचे सव्वा वाजले होते.

यान उडवून दिलं तर विम्याचे थोडे पैसे भरून शेवटच्या स्थानकावर परत मिळतं, पण तीन आठवड्यांत केलेली ग्रह-ताऱ्यांची सगळी मोजणी बुडते. मग इंटरनेटवर शोधलं आणि ‘फ्युएल रॅट्स’ सापडले. हे खेळाडूच. अडकलेल्याला इंधन नेऊन द्यायचं, एवढाच त्यांचा गेममधला धंदा, आणि मोबदला शून्य. त्यांनी पहिलं विचारलं, ऑक्सिजनचं घड्याळ उलटं फिरायला लागलंय का? नाही म्हटल्यावर, जगायला लागतं तेवढं सोडून यानातल्या सगळ्या यंत्रणा बंद करायला सांगितल्या. दिवे गेले. मी माझ्या खोलीतला दिवाही बंद केला, का कोण जाणे. चाळीस मिनिटं तो निखारा बघत बसलो. त्यावर काहीही घडत नव्हतं, आणि मी डोळा लावला नाही. मग रडारवर एक ठिपका आला, त्यामागून त्याचं यान, आणि त्यातून भुंग्यांसारखी छोटी यंत्रं निघून माझ्या टाकीला चिकटली. तो माणूस की ती बाई कुठल्या देशाची, मला माहीत नाही. त्याने लिहिलं, पुढच्या वेळी नकाशात ताऱ्याचा वर्ग बघ. मी ‘थँक यू’ तीनदा लिहिलं. तो गेला. त्या ताऱ्याला नाव नाही, नुसती अक्षरं आणि आकडे आहेत, आणि ती मला अजून पाठ आहेत.

आता चिंचेच्या डागाविषयी. आमचं गाव जुन्नर तालुक्यात, खोडदपासून फार लांब नाही. आजोबांची, म्हणजे आप्पांची, जमीन सव्वातीन एकर. ती सात तुकड्यांत होती आणि प्रत्येक तुकड्याचं नाव वेगळं. सातबाऱ्यावर गट नंबर, घरात नावं. चिंचेच्या डागात चिंच नव्हती. ती माझ्या पणजोबांच्या वेळी वीज पडून गेली, नाव राहिलं. खळ्यामागचं म्हणजे जुन्या खळ्यामागचं, खळंही मोडलेलं. उताराच्या पट्टीत पाणी थांबायचं नाही, म्हणून तिथे फक्त मठ-हुलगा. “डागातला कांदा झाकलाय का?” असं आप्पा संध्याकाळी विचारायचे, आणि घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच बांध, एकच वळण, तीच बोरीची जाळी यायची. माझी शहरातली आई लग्न होऊन आली तेव्हा तिला ही नावं शिकायला एक पावसाळा लागला, असं ती सांगते.

मी दहा-बारा वर्षांचा असताना खोडदला जीएमआरटीच्या, म्हणजे आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या, दुर्बिणी उभ्या राहत होत्या. ४५ मीटर व्यासाच्या तीस. मधल्या एक चौरस किलोमीटरच्या आसपास चौदा, बाकीच्या तीन दिशांना लांबवर, पार शेताशिवारांतून. तारेच्या जाळीच्या असल्याने त्यांतून पलीकडचं आभाळ दिसायचं. आप्पा म्हणायचे, “एवढ्या छत्र्या, आणि सगळ्या उलट्या धरल्यात. पाऊस साठवतेत का काय?” पुढे कळलं, की त्या ऐकत होत्या, आणि बऱ्याचदा हायड्रोजनच ऐकत होत्या. फार फार लांबच्या, फार जुन्या हायड्रोजनची कुजबुज. कांद्याच्या वाफ्यात वाकलेली माणसं, बांधावर शेळ्या, आणि वर ती अवाढव्य ताटली हळूच मान वळवतेय. एवढी मोठी वस्तू आवाज न करता हलते, याची मला तेव्हा भीती वाटायची. अजूनही एखाद्या ग्रहावर ढगांतून मोठं यान खाली यायला लागलं की पोटात तसंच होतं, आणि त्या क्षणी शिवण-बिवण काही दिसत नाही.

खऱ्या आकाशातही नावं द्यायची पाळी आपल्यावर एकदा आली होती. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने देशोदेशींना एकेक तारा आणि त्याचा एकेक ग्रह वाटून दिला. भारताच्या वाट्याला आलेल्या ताऱ्याचं नाव ठरलं बिभा, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरींवरून, आणि ग्रहाचं संतमस. म्हणजे दाट झाकोळ. ग्रहाचं नाव पुण्याच्या एका शाळकरी मुलाने सुचवलं होतं. तो ग्रह कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही, तिथे कुणी जाणारही नाही. तरी त्या मुलाने संस्कृत शब्द धुंडाळले असतील, दोन-चार खोडले असतील. माझ्या अडतीस ग्रहांवर तर मी प्रत्यक्ष, म्हणजे त्या अर्थाने प्रत्यक्ष, पाय ठेवून आलो होतो.

२०२३ मध्ये ‘स्टारफील्ड’ आला, हजाराहून अधिक ग्रहांचा. ओसाड आहेत म्हणून ओरड झाली, तेव्हा निर्मात्यांकडून उत्तर आलं, की चंद्रावर गेलेली माणसं कुठे कंटाळली होती? ते वाचून मला ऑफिसातला तो जेवणाच्या टेबलावरचा मित्र आठवला. अपोलो ११ च्या दोघांना चंद्राच्या मातीवर मिळाले अडीच तास. तेवढ्यात दगड गोळा करायचे, यंत्रं मांडायची, झेंडा रोवायचा आणि जिवंत परत यायचं. अडीच तासांत मीही कंटाळलो नसतो. ‘आउटर वाइल्ड्स’ नावाचा २०१९ मधला एक गेम आहे, त्यात एक चिमुकली सूर्यमाला, ग्रह हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि दर बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होऊन सगळं पहिल्यापासून. त्यातला प्रत्येक दगड मला माहीत आहे. मी तो संपवला आणि दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. पण तो पुन्हा खेळता येत नाही, कारण त्यात मिळवायचं असतं ते फक्त कळणं, आणि ते एकदा कळलं की कळलं. मग मी पुन्हा येतो त्या न संपणाऱ्या कॅसेटकडे, अंगठ्याने यादी सरकवायला.

तर तो ग्रह. या गेममध्ये ग्रह कुठे साठवलेले नसतात. तुम्ही पोचता तेव्हा सूत्रातून मोजून काढले जातात, निघालात की पुसले जातात, परत आलात की तेच सूत्र तोच डोंगर तिथेच उभा करतं. म्हणजे शुक्रवारी रात्री मी उडालो तेव्हापासून ते जांभळं गवत कुठेच नव्हतं. ही कल्पना मला दोन दिवस सोडेना. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर यादीतून तारा हुडकला, अंतराळ स्थानकावरच्या दारातून परत त्या मंडळात गेलो, आणि उतरलो. तेच आभाळ. त्याच कमानी. तो तिसरा प्राणी मात्र काही दिसला नाही. यादी उघडून नावाच्या चौकटीत गेलो. चिंचेचा डाग, खळ्यामागचं, माळ, उताराची पट्टी, विहिरीचं, भुताचा बांध. ही सहा झाली. सातव्याचं नाव आठवेना. पाऊस सुरू झाला, सूट ओरडायला लागला, तसा पळत एका गुहेकडे निघालो आणि एका हाताने गावी फोन लावला.

“अण्णा, आपलं ते सातवं वावर, ओढ्याच्या अंगाचं. त्याचं नाव काय होतं?”

“कशाला? मोजणी-बिजणी आलीय का?”

“नाही, सहज. आठवत नाहीये.”

अण्णा जरा थांबले. “त्याला नाव नव्हतं रे. वाटणीत मागाहून आलं ते, आणि लगेच विकलंही. त्याला आम्ही ‘ते’च म्हणायचो.”

“‘ते’?”

“हां. आप्पा म्हणायचे, जरा त्यात जाऊन ये. मग जायचं. कळायचं की.” मग आवाज थोडा लांब गेला, बहुतेक त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “आणि तुझ्याकडे काय वाजतंय एवढं?”

“पाऊस पडतोय अण्णा.”

“पुण्यात? इथे तर ठणठणीत ऊन आहे.”